जिन्याखालच्या बाटल्या

बर्सलेम, ४ मार्च १९७८

चि. डोरीनला अ. आ.

तू आईसाठी विणलेले मोजे पोचले. ती ते घालून घरभर फिरते आणि दिसेल त्याला पाय दाखवते.

माझं दुखणं बाटल्यांचं आहे. घरची बिअर बाटलीत मुरली की यीस्टचा गाळ तळाला बसणारच. पण तीन आठवड्यांत त्याचा घट्ट थर होतो आणि वरची बिअर नितळ ओतता येते. ऑक्टोबरपासून तीन खेपा केल्या, एकीचाही थर धरला नाही. यीस्ट बदललं, बाटल्या सोड्याने धुतल्या. परवा शेजारच्या विल्फने पेला उजेडात धरून विचारलं, हे प्यायचं की याने भिंत रंगवायची. आणि जूनमध्ये हेझलच्या लग्नात बापाच्या हातचीच बिअर मिळेल, असं मी गावभर सांगून बसलोय.

खरी काळजी वेगळीच आहे. आईने माझ्या बायकोला, बेरिलला, नाक्यावरच्या वृद्धाश्रमाची चौकशी करायला सांगितलंय. म्हणाली, इथे मी कपाटासारखी नुसती उभी असते. एकतीस वर्षं कारखान्यात कपांच्या कडेला सोनेरी रेघ ओढलेली बाई, तिला आयतं खाववत नाही. तिने जाऊ नये असं आम्हा दोघांनाही वाटतं. काही सुचलं तर कळव.

तुझा,
क्लिफर्ड

प्लिमथ, ९ मार्च १९७८

ती. क्लिफदादास,
स. न. वि. वि.

विल्फला माझ्यातर्फे शाबासकी दे.

दादा, ऑक्टोबरात तुझ्या घरी नवीन काय आलं? आईच ना? आपल्या कोठीतल्या व्हिनेगरमधल्या कांद्यांच्या बरण्या आठव. दर शुक्रवारी ती एकेक उतरवून पुसायची, उलटी करून झाकण गळतंय का बघायची. या शुक्रवारी जिन्याखालच्या तुझ्या बाटल्यांच्या कपाटाकडे डोकाव. मात्र काही दिसलं तरी गप्प बस. तू ओरडलास तर ती त्याच दिवशी बॅग भरेल.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

डोरीन

बर्सलेम, १८ मार्च १९७८

चि. डोरीनला अ. आ.

तुझंच खरं. काल दाराआडून पाहिलं. चाळीसच्या चाळीस बाटल्या तिने पुसल्या, उलट्या करून उजेडात धरल्या आणि लेबलं पुढे करून परत रांगेत लावल्या. वर गुणगुणत होती. ऑक्टोबरनंतर तिला गुणगुणताना मी पहिल्यांदाच ऐकलं, त्यामुळे राग आलाच नाही. बेरिलला ती म्हणाली होती, या घरात तेवढंच एक काम माझ्या वाट्याचं आहे. ते काढून कसं घेऊ? पण एक युक्ती सुचली आहे. जमली तर सांगेन.

तुझे उपकार मानायला हे पत्र पुरणार नाही.

क्लिफर्ड

बर्सलेम, १२ जून १९७८

चि. डोरीनला आईचे अ. आ.

तू निघालीस आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं.

लग्नात तू विचारलंस, बिअर ओतायला मी कशी. क्लिफर्ड मार्चमध्ये माझ्याकडे आला. म्हणाला, ही बिअर न थांबता, बाटली एकदाच कलती करून तीन पेल्यांत ओतावी लागते; मध्येच बाटली सरळ केली की गाळ उसळतो. "माझा हात कापतो गं आई. तुझा रेघेचा हात आहे, तू ओत." आणि ओतण्याआधी तीन आठवडे बाटल्यांना कुणीच हात लावायचा नाही, हेही हळूच सांगितलं.

तेव्हाच मला सगळं कळलं. तीन खेपा मीच नासवल्या होत्या, आणि पोराने एका शब्दाने दुखवलं नाही. रोज पाण्याच्या बाटलीवर सराव केला. शनिवारी तू पाहिलंसच, चाळीस बाटल्या ओतल्या आणि बोटभर गाळ प्रत्येकीच्या तळाशीच राहिला. विल्फने दोनदा पेला पुढे केला.

वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवलंय. मी इथेच राहणार.

आत्ता क्लिफर्ड खिडकीशी बसून माझ्या चष्म्याचा सुईएवढा स्क्रू बसवतोय. हात जराही कापत नाही. मी पाहिलं, हे त्याला कळवू नकोस.

शुक्रवारी आता मी जिन्याखालच्या कपाटाचं फक्त दार पुसते.

तुझी,
आई