वाकड्या स्टीअरिंगचा खुलासा

चिरंजीव ठकूस थोरल्या काकाचे ओंजळभर आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल आहोत असं आधी लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. माझा गुडघा कुरकुरतो आणि तुझी आई मुळीच कुरकुरत नाही. या दोन्हींतलं दुसरं मला जास्त दुखतं. तू वेळेवर जेवतेस ना? फोनवर विचारलं की तू ‘हो’ म्हणतेस, मी ‘बाकी काय’ म्हणतो, आणि तिथेच काका-पुतणीचं भांडवल संपतं. पत्राचं बरं असतं, मध्येच कुणाला ‘काका, मीटिंग आहे’ म्हणता येत नाही.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की तुझ्या बाबाच्या जीपचं स्टीअरिंग सरळ झालं. तुला कळावं, बस. त्यासाठी तू मुद्दाम यायची अजिबात गरज नाही.

आता कसं झालं ते ऐक. जाण्याच्या थोडे दिवस आधी आमच्या धाकट्याने, म्हणजे तुझ्या बाबाने, ती जीप उंच करून आणली होती, हे तुला ठाऊक आहेच. लांब स्प्रिंगा, थोराड टायर. डोंगरापलीकडच्या दगडाधोंड्यांच्या वाटेने तुला घेऊन जायचं त्याच्या मनात होतं. तू म्हणालीस पुढच्या महिन्यात, तो म्हणाला बरं. (यात कुणाचं काही चुकलं नाही, ठकू. पुढचा महिना असतोच, या भरवशावर सगळं जग चालतं. मी जन्मभर गिऱ्हाइकांना ‘घड्याळ पुढच्या आठवड्यात न्या’ असंच सांगत आलो.) गाडी उंच झाली खरी, पण स्टीअरिंग वाकडं झालं. गाडी नाकासमोर चालायची आणि स्टीअरिंग मात्र मान तिरकी करून बसलेलं, रुसलेल्या जावयासारखं. मी त्याला म्हटलंही, अरे, हे बघ की जरा. तर म्हणाला, ‘ठकी आली की करू.’ तशीच चालवत राहिला. मग छातीत कळ आली आणि सगळंच राहिलं.

तू फोनवर म्हणालीस, गाडी विकून टाका, मला काय विचारता. तुझ्या मामाने तत्परतेने गिऱ्हाईक आणलं. (तुझा मामा चांगला माणूस आहे, फक्त दुसऱ्याच्या घरातलं सामान हलवायचं म्हटलं की त्याच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं.) गिऱ्हाइकाने स्टीअरिंग पाहिलं, त्याहून वाकडं तोंड केलं आणि म्हणाला, गाडी कुठेतरी आपटलेली दिसते. माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाने आयुष्यात कुत्र्याच्या शेपटीवरून चाक नेलं नाही, त्याच्या माघारी हे असं बोलणं? म्हटलं, सरळ करून दाखवतो, मग या.

आता मी पडलो घड्याळवाला. काटा चुकीच्या जागी दिसला तर काय करायचं, हे मला झोपेतही येतं. काटा उपटायचा आणि बरोबर जागी दाबून बसवायचा. तेच केलं. मधला नट काढला, स्टीअरिंग हिसडे देऊन उपटलं (ते सुटलं तेव्हा मी मागे सीटवर उताणा आणि स्टीअरिंग माझ्या पोटावर, तुझी आई खिडकीतून बघतेय) आणि अगदी सव्वानऊच्या काट्यांसारखं आडवं, नेटकं बसवलं. मग ऐटीत बाजारातून चक्कर मारायला निघालो. गाडी डावीकडे मांजरासारखी वळायची आणि उजवीकडे वळायचं म्हटलं की चौक अपुरा पडायचा. एका बाजूचा इंडिकेटर लावल्या लावल्या बंद, आणि दुसऱ्या बाजूचा लावला तो घरी पोचलो तरी टिकटिक करतोय. ती टिकटिक ऐकून मला मात्र बरं वाटत होतं, हे कबूल करतो. मागचे लोक हॉर्न मारत होते, मला वाटलं ओळखीचे आहेत, मी हात करत होतो.

शेवटी गॅरेजवाल्या पैलवानाकडे गेलो. (वाऱ्याने उडेल एवढाच आहे, पण सगळे पैलवान म्हणतात.) तो हसून हसून जॅकवर बसला. म्हणाला, ‘बाबा, तुम्ही काटा फिरवलात, बिघाड यंत्रात होता.’ मग त्याने समजावलं, की गाडी वर उचलली, चाकं खालीच राहिली आणि स्टीअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा दांडा तिरका होऊन कमी पडायला लागला. त्याच्या ओढीने वरचं स्टीअरिंग वाकडं. दांड्याला मध्ये एक आट्यांची नळी असते. तिच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या सैल करायच्या आणि नळी फिरवून दांडा लांबवायचा. मी केलेला उद्योग त्याने निस्तरला, स्टीअरिंग पुन्हा पहिल्यासारखं वाकडं करून दिलं आणि म्हणाला ठेवून जा, पुढच्या आठवड्यात करतो. पुढचा आठवडा म्हटल्यावर मी गाडी घेऊनच घरी आलो.

घरी तुझ्या आईला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘ते काम दोघांचं असतं, दादा. ठकी खाली जायची, हे वर बसायचे. खिडकीतून सगळं ऐकू यायचं.’ एवढं लांब वाक्य ती किती दिवसांनी बोलली म्हणून सांगू! मी लगेच म्हटलं, मग तू बस वर. ती नाही म्हणाली, हात पुसले आणि आली. या उंच गाडीत चढायला तिला स्वयंपाकघरातला स्टूल लागला. मला खाली जायला मात्र नुसतं वाकावं लागलं. (वाकणं सोपं गेलं. सरळ होण्याविषयी पुढे लिहितो.) पट्ट्या गंजलेल्या. तेल सोडलं, मिनतवारी केली, तुझ्या मामाचं नाव घेऊन पाना ओढला तेव्हा कुठे सुटल्या. मग मी नळी फिरवायची आणि स्टीअरिंग सरळ झालं की तिने ‘बस’ म्हणायचं, असं ठरलं. फिरवली. विचारलं, हलतंय का? म्हणाली, हलतंय. पुन्हा फिरवली, वरून काहीच आवाज नाही. आणखी फिरवली. मग ती म्हणाली, ‘बस.’ मी थांबलो. झालं काम. माझी कंबर तिथेच धरली आणि तुझ्या आईने मला पायांना धरून पोत्यासारखं बाहेर ओढलं, तो भाग तू मनानेच रंगव.

तर असं स्टीअरिंग सरळ झालं. काळजी नसावी. कामं सोडून येऊ नकोस.

तुझा,
थोरला काका

ता. क. स्टीअरिंग सरळ झालं असं वर लिहिलं, ते खरं नाही. बाहेर आल्यावर पाहिलं तर निम्मं वाकडं तसंच. तुझ्या आईला म्हटलं, अगं, बस का म्हणालीस? ती खाली उतरली नव्हती, हात मांडीवर घेऊन तशीच बसली होती. म्हणाली, ‘कुणी हात लावलेला नाही आणि ते आपलं आपलं फिरतंय, दादा. मला बघवेना.’ खाली नळी फिरवली की वर स्टीअरिंग एकटंच फिरतं, हे मला आधी सुचायला हवं होतं. मग मीही स्टुलावर बसलो. पण त्या रात्री ती नीट जेवली, हेही लिहितो.

दुसरा ता. क. पट्ट्या अजून सैलच आहेत. तशी गाडी रस्त्यावर नेणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं. तुझा मामा रागावलाय. पैलवान येऊन आवळून देतो म्हणाला, तर तुझी आई त्याला दारातच म्हणाली, ‘नको. ते आमच्या घरचं काम आहे.’ पाना तिने कपाटात ठेवलाय. मलासुद्धा देत नाही.

तिसरा ता. क. पत्र तिला वाचून दाखवलं. ‘यायची गरज नाही’, ‘येऊ नकोस’ असं दोनदा लिहिलंय ते खोड म्हणाली. शाई वाळली आहे, तूच खोडून घे. तू खाली गेलीस की वर बसेन म्हणते. स्टीअरिंग फिरताना त्यावर एक हात ठेवला तर चालतो का, एवढंच तिने तुला विचारायला सांगितलंय.