शेवटच्या दोन यार्डांबद्दल

बाई, शनिवारी आमचा संघ हरला, आणि तुम्ही असता तर हे मी आधी तुम्हालाच सांगितलं असतं. आमचा संघ म्हणजे अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठाच्या गावात मी इतकी वर्षं राहते, तिथला फुटबॉलचा संघ. हा फुटबॉल तुमच्या ओळखीचा नव्हे. यात चेंडू लांबट असतो, तो छातीशी धरून पळतात किंवा हाताने पुढे फेकतात, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकता आलं नाही तर समोरच्यांना देऊन टाकावा लागतो. इथल्या पेपरात मी त्यावर कॉलम लिहिते. नागपूरच्या शाळेत तुमच्या हाताखाली खो-खो खेळलेली मुलगी इथल्या लोकांना त्यांचाच खेळ समजावून सांगते, याचं त्यांना आता नवल राहिलेलं नाही. तुम्हाला मात्र हसू आलं असतं.

तर झालं असं. सामना संपत आलेला, आम्ही चार गुणांनी मागे, जी ओलांडली की सहा गुण मिळतात ती रेषा दोन यार्डांवर आणि एकच प्रयत्न हातात. आमच्याकडे एक दांडगा पळणारा आहे. दुपारभर तो समोरच्या पोरांना अंगावर घेऊन पुढे रेटत होता. कुणीही म्हटलं असतं, द्या चेंडू त्याला. पण आक्रमणाचे डाव ठरवणारा कोच वर काचेच्या खोलीत बसून हेडफोनवरून डाव सांगतो. त्याने पास सांगितला, म्हणजे चेंडू फेकायचा. चेंडू गेला तो समोरच्यांच्या हातात. स्टेडियम एकदम ओरडलं. प्रेक्षकांत बसलेल्या माझ्या मुलाचा लगेच फोन. “आई, व्हॉट वॉज दॅट? दोन यार्डला पास कोण करतं? ही शुड बी फायर्ड. तू लिही ना!” मी म्हटलं, “त्याच्या जागी तू असतास तर?” “ओ कम ऑन आई, एव्हरीबडी सॉ इट.” पाठोपाठ संपादकाचा फोन. लोक भडकलेत, म्हणाला. त्याला काढा असं म्हणायचं असेल तर आजच म्हण, सोमवारी सगळेच म्हणतील. मी इथली सगळ्यात जुनी कॉलम लिहिणारी. मी म्हटलं की इतरांना म्हणायला सोपं जातं, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

आमच्या धंद्यात सामना संपायच्या आधीच दोन सुरुवाती लिहून ठेवतात, एक जिंकल्याची, एक हरल्याची. माझ्याही तयार होत्या. जिंकल्याच्या सुरुवातीत हा कोच धाडसी होता: मोक्याच्या वेळी सगळे जपून खेळतात, तो फेकत राहिला. हरल्याच्या सुरुवातीत तोच माणूस हट्टी होता, कारण मोक्याच्या वेळी तो फेकत राहिला. आजवर मला यात कधी वावगं वाटलं नव्हतं. शनिवारी दोन्ही परिच्छेद एकाखाली एक वाचले आणि तुम्ही आठवलात.

आंतरशालेय सामना आपण हरलो तो दिवस. आम्ही आठजणी चौकोनात बसलेल्या, एकीआड एक उलट्या दिशेला तोंड करून, त्यामुळे प्रत्येकीला अर्धंच मैदान दिसायचं. समोरच्या संघाची पळणारी माझ्या अगदी समोर आली, हात लांबवला तर लागेल इतकी. आणि आपली पाठलाग करणारी मला खो न देताच पुढे निघून गेली. एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही. डाव तिथेच संपला. नंतर ती नळापाशी रडते आहे आणि मी तिच्या डोक्यावर उभी राहून विचारते आहे, मला का नाही दिलास? तुम्ही पदर खोचून येता. चिडलात की तुमच्या तोंडी वऱ्हाडी यायची. “काहून बोंबलतेस वं? चल, तिच्या जागी पळ.” सगळ्यांना पुन्हा चौकोनात बसवता, एकीला पळणारी करता, मला तिच्या पाठलागावर सोडता आणि मध्येच शिटी वाजवता. “थांब. पळणारी कुठंय?”

“मागे गेली असेल.”

“असेल नको. दिसली का तुले?”

“नाही.”

“मग तिले कशी दिसन? मैदानाबाहेरून सगळेच खो देतात.” आणि सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटायला निघून गेलात. पहिली मूठ तिला दिलीत.

पण बाई, तुमचा नियम इथे सरळ लागत नव्हता. तो कोच कुठे चौकोनात बसला होता? तोही पत्रकारांच्या खोलीत बसलेल्या माझ्यासारखा वरच, काचेआड होता. म्हणून खाली पत्रकारांसमोर आला तेव्हा मी एवढंच विचारलं, तुम्हाला काय दिसलं? तो म्हणाला, “त्यांची सगळी पोरं मध्ये दाटून उभी होती. कडेचा आमचा मुलगा मोकळा होता. चेंडू हातातून सुटेपर्यंत मोकळाच होता.” मी वर जाऊन पुन्हापुन्हा चित्रण पाहिलं. होता खरा, एका पावलाने. मग समोरच्या एका पोराने जीव खाऊन धाव घेतली आणि ते पाऊल भरून काढलं. त्या पोराचं कुणी नावही काढत नव्हतं.

मी दोन्ही सुरुवाती पुसल्या आणि हे पाऊल लिहिलं, त्या धावलेल्या पोरासकट. काढा असं लिहिलं नाही, ठेवा असंही नाही. संपादक वाचून म्हणाला, “बरोबर आहे, पण कुणाला आवडणार नाही.” तरी छापलं. मुलाने एका शब्दात निकाल लावला: “वीक.” कोचच्या नोकरीचं या आठवड्यात ठरेल. माझ्या लिहिण्याने ती राहील असं नाही, पण गेली तर निदान माझ्या लिहिण्याने जाणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. पाठवायचं नाहीच, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते, जी कॉलमात लिहिली नाही आणि मुलाला तर मुळीच सांगणार नाही. तो कडेचा मुलगा मोकळा होता, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. तरीही बाई, त्याच्या जागी मी असते ना, तर त्या दांडग्यालाच पळवलं असतं.