पहिल्या ‘नको’चं काय करायचं

मुलुंड, मार्च १९८६

ती. गुणाजीदादास, धाकट्या सुगंधाचा पाया पडून नमस्कार. इकडे सगळी धड आहोत. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावत नसशील तर मी विचारलंच नाही असं समज. मालनवहिनीला सांग, कुळथाचं पीठ पोचलं. (जाडं दळलंय, पण पोचलं.)

तर शकुच्या शाळेची एक भानगड. जर्मनीतल्या शाळेची पोरं इथे येऊन घराघरांत राहतात, मग मे महिन्यात इथली तिकडे. शकुचं नाव लागलं, आणि आमच्याकडे पोरगी आली, ऊटे नावाची. (सकाळी मी ‘ऊटे, ऊठ गं’ म्हटलं की अख्खी चाळ हसायची.) उंच इतकी की दोरीवरचे कपडे बाजूला सारत चालायची, पण गुणी. पहिल्याच दिवशी भात घेऊन गेले तर हात आडवा धरून म्हणते ‘नको’. हा शब्द शकुनेच शिकवलेला. आता पाहुण्याचं पहिलं नको कोण धरतं? मी वाढला. तिने निमूट संपवला. ताट रिकामं दिसलं, परत वाढला. त्यांच्यात म्हणे ताटात टाकायचं नाही, आपल्यात ताट रिकामं ठेवायचं नाही. तिसऱ्या दिवशी पोरीच्या पोटाची वाट लागली. शाळेच्या पद्मजाबाई धावत आल्या आणि मलाच ऐकवलं, अहो, त्यांच्यात नको म्हणजे नको! मी म्हटलं, मग आधी सांगायला काय तोंडाला कुलूप होतं?

तापात पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून ‘मामा, मामा’ करत रडायची. मी ह्यांना म्हटलं, हिचा मामावर भारी जीव दिसतो. तर शकु म्हणाली, अगं आई, त्यांच्यात आईलाच मामा म्हणतात. मी तशीच उठले. गरम पेज केली, चमच्याने भरवली. वाटी संपली तशी पुढे करून म्हणाली, ‘अजून’. दादा, लग्न होऊन आल्यापासून ह्या घरात मागून खाणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. जाताना गळ्यात पडली तर मी म्हटलं, पुरे, गाडी सुटेल. (काय बोलायचं ते सुचायला हवं ना!)

ती गेली आणि माझी झोप उडाली. आपली शकु तुझ्या घरीसुद्धा फणसाला तीनदा नको म्हणते आणि चौथ्यांदा अर्धा एकटीच संपवते. तिकडे ऊटेची आई एकदाच विचारणार, ही नको म्हणणार, आणि ती बाई भांडं उचलून आत नेणार! पोरगी परदेशात उपाशी, आणि चूक कुणाचीच नाही. म्हणून मी शकुला सांगून टाकलं, जायचं नाही. रडली असती तर दोन धपाटे घालून गप्प केली असती. नुसतं म्हणाली, ‘बरं, नको तर नको.’ आणि अंगणात जाऊन भांडी घासत बसली. हे नकोसुद्धा मनातलं नाही, एवढं मला कळतं. पण ठरलं ते ठरलं. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी सुगंधा

ता. क. शाळेतून नाव अजून काढलेलं नाही. परीक्षा संपली की शकुला एसटीत बसवून देते, आठ दिवस ठेवून घे. जेवताना एकदाच विचारायचं. नको म्हणाली की टोप उचलायचा. मामा आहेस म्हणून विरघळू नकोस. वहिनीला वाढायला देऊ नकोस, तिच्याने होणार नाही. हे जमलं तरच पोरगी जाईल, तेव्हा नीट कर.

ता. क. आणखी एक. अगदीच उपाशी झोपली तर उठवून भरव. मला मात्र कळवू नकोस.