सोबतीचं अक्षर

प्रिय दादा,

वहिनीचा फोन आला होता. मी नीट जेवते का, नव्या जागेत उजेड आहे का, असं सगळं विचारून झाल्यावर तिनं हळूच सांगितलं की तू म्हणतोस, झालं गेलं विसर आणि कामावर ये. स्वतः चार ओळी लिहिल्या असत्यास तर बोटं झिजली असती का रे? तर ऐक. शिंप्याच्या दुकानावरची खोली आहे, खाली दिवसभर मशिनची खडखड चालते, आणि उजेड तुझ्या कार्यशाळेपेक्षा कितीतरी चांगला आहे. मी परत येणार नाही.

छपाईची अक्षरं काढायच्या आपल्या धंद्याची रीतच अशी, आधी सरळ अक्षर काढायचं आणि ते पक्कं झालं की त्याच्या मापानं तिरकं, म्हणजे इटॅलिक. तू सरळ काढायचास, मी तिरकं. इतक्या वर्षांत एकदाही उलटं झालं नाही. तू अक्षर रुंद केलंस की मी रुंद करायची, तू बारीक केलंस की मी बारीक. पुस्तकात तुझी पानंच्या पानं, आणि माझा एखादा जोर दिलेला शब्द, नाहीतर तिरकंच छापायची रीत असलेलं एखाद्या जहाजाचं नाव. त्याबद्दल कधी तक्रार केली का मी? आवडायचं मला ते काम. शिकवलंसही तूच. माझ्या हातावर हात ठेवून पहिलं वळण काढून घेतलंस आणि टेबल हलवलं म्हणून लगेच टपलीही मारलीस. यातलं काही मी विसरलेले नाही.

पण हा स्लॅब सेरिफ वेगळा होता. जाड चौकोनी पायांचं ठोकळं अक्षर, त्याला तिरकं करणं म्हणजे काय डोकेदुखी असते, ते तुला सांगायला नको. पाय ठेवले तर ते जागचं हलत नाही, पाय काढले तर भलत्याच घरचं वाटतं. काढून काढून मी रडकुंडीला आले. शेवटी वर नुसतं वळण आणि खाली टेकताना चौकोनी पाय, असं जमून गेलं, तेव्हा एकटीनंच टाळ्या पिटल्या. आणि तू काय केलंस? गिऱ्हाइकाला घाई आहे म्हणून आपलंच सरळ अक्षर कॉम्प्युटरवर ढकलून तिरपं केलंस आणि इटॅलिक म्हणून देऊन मोकळा झालास. गोल इंग्रजी ओचं चेपलेलं अंडं झालं, एका बाजूला सूज, दुसरीकडे खड्डा. मला विचारलंही नाहीस. वर म्हणालास, कुणाला कळतंय? अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. अरे, मला कळतंय की! आणि तुलाही कळत होतं, म्हणून तर माझी नजर चुकवून बोललास.

दार आपटून निघाले ती माझी अक्षरं घेऊन थेट एका प्रकाशिकेकडे गेले. बाई मोठी तिखट. सर्कशीत झोपाळ्यावर कसरती करणाऱ्या एका बाईचं आत्मचरित्र छापायला घेतलंय तिनं. माझं नमुन्याचं पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि विचारलं, अख्खं पुस्तक यातच का नको? पानभर इटॅलिक कुणी वाचत नाही, डोळे दुखतात, हे मी तुझ्याच तोंडून ऐकत आले ना! आम्ही एक प्रकरण माझ्या अक्षरात जुळवून प्रकाशिकेच्या म्हाताऱ्या आईला दिलं. आजींनी ते एका बैठकीत संपवलं आणि पुढचं मागितलं. जाड पाय ओळीवर रोवलेले असतात, त्यामुळे नजर घसरत नाही, एवढंच त्याचं कारण. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझं अक्षर आहे, दादा. सोबतीला म्हणून नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. फुशारकी मारायला नव्हे. थोडी मारली, बरं. पण सगळंच तिरकं म्हटल्यावर जोर द्यायचा शब्द दाखवायचा कसा? तो सरळ हवा. आणि ही सर्कसवाली तर पानोपानी कशावर ना कशावर जोर देते! माझंच अक्षर कॉम्प्युटरवर उभं करून घ्या, असं एक शहाणा सुचवून गेला, त्याला मी हाकलून दिलं. मला हातानं काढलेलं सरळ हवंय, आणि तुझ्याहून चांगलं सरळ काढणारं कुणी मला ठाऊक नाही. अजून रागात आहे, तरी हे लिहिते. माझी अक्षरं सोबत पाठवली आहेत. त्यांची रुंदी, त्यांची जाडी, त्यांचे पाय नीट बघ आणि त्यांना शोभेल असं सरळ काढ. माप माझं. पुस्तकात नाव आधी माझं येईल, मग तुझं. पहिल्या खेपेला जमणार नाही, मलाही कधी जमलं नव्हतं. तेव्हा खोडायची तयारी ठेवून बस.

तुझीच,
वयानं धाकटी