आईच्या नावाचं मत

प्रिय उजे,

पत्र बघून दचकू नकोस. तुझा फोन तुझ्या हातात कमी आणि घरच्यांच्या हातात जास्त असतो, म्हणून शेजारची रेश्मा तुमच्या सूस गावात कामाला येते तिच्याकडे हे दिलंय. माझ्या दोन बरगड्या मोडल्यात. डावा डोळा वांग्यासारखा झालाय. शाळेमागं पाय घसरला, असं गावाला सांगितलंय. पण दवाखान्यानं कळवलंय, उद्या पोलीस जबाब घ्यायला येतील. मारणाऱ्याचं नाव सांगायचं की गिळायचं, एवढंच डोक्यात घोळतंय.

करिष्माताई सरपंचपदाला उभ्या, म्हणून मी त्यांची फुकटची एजंट. शाळेतल्या मतदान केंद्रात बसून मत द्यायला आलेली माणसं ओळखायची. पण आपण उठलो की खोटं मत घुसवतात, म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही, लघवी दाबून बसले. पाय सुजून चपलेत मावेनात. दुपारी एक बाई तोंडावर पदर ओढून आली. साहेबांनी नाव वाचलं, तुकाबाई. आपल्या आईचं नाव गं! माझं टाळकंच फिरलं. ओरडले, "ही तुकाबाई न्हाई! तिच्या तोंडात शेवटचं पाणी म्या घातलंय!" बाई पळाली. तिला घेऊन आलेला माणूस दारातच माझ्याकडे बघत उभा होता.

शेवटी राहवेना, तेव्हा शाळेमागं गेले. त्यानं केसांना धरून मला भिंतीवर आपटलं. पहिल्याच लाथेला साडी ओली झाली. मारापेक्षा त्याचीच लाज वाटली बघ. मी त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, तोंडात रक्त आलं, तरी तो थांबेना. तोंडावर एकच बसली, तीही मी मान वळवली म्हणून. बाकी सगळं पदराखाली, जिथं कुणाला दिसत नाही तिथं. मारायच्या आधी त्यानं घड्याळ काढून खिशात ठेवलं होतं. रोजचं काम असल्यासारखं.

उजे, दिवाळीत तू मोरीत घसरलीस. त्याआधी जिन्यात. आम्ही हळद लावली आणि गप्प बसलो. तुझ्या नवऱ्याचं, धनाजीरावांचं मनगट बघ, माझे दात आहेत त्यावर. करिष्माताईंच्या विरोधात उभ्या असलेल्या मावसभावाच्या एका मतासाठी त्यानं आपल्या दोघींच्या मेलेल्या आईलाही सोडलं नाही. उद्या मी धनाजीचं नाव घेणार आहे. पोलीस गेले की तो राग कुणावर काढील, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे लिहिलं. रेश्मा खाली गाडीवर थांबलीय. पोरांना घे आणि नीघ. कपडे भरत बसू नकोस.

तुझीच,
कुठंही न घसरलेली,
साधनाअक्का