भिंतीवरचा चार

व्हाइटचॅपल, ३ ऑक्टोबर १८८८

आले एकदाची लंडनला, आणि अंधार पडायच्या आत खोलीही मिळाली, कामही. केंटच्या मळ्यांत राबून राबून कंबर मोडलेल्या डॉर्कस पिलबीमला याहून काय हवं? घरमालकीण क्विलबाई तोंडाची फटकळ, पण आल्या आल्या खारवलेला मासा आणि पाव पुढ्यात ठेवला. काम उठवणारणीचं. गोदीत नि बाजारात जाणारे लोक झोपण्याआधी दाराशेजारच्या भिंतीवर खडूनं वेळ लिहून ठेवतात. पहाटे लांब काठीनं त्यांच्या माडीच्या खिडकीवर टकटक करायची, माणूस काचेशी दिसला की पुढचं घर. क्विलबाई म्हणाली, लिहिलंय तेव्हा वाजवायचं, का म्हणून विचारायचं नाही. काठी आधीच्या उठवणारणीची, ॲनिसची. ती कुठं गेली म्हटलं, तर म्हणे, आधी मासा खा.

५ ऑक्टोबर

ॲनिसचा खून झालाय. या वस्तीतली ती तिसरी बाई, आणि मारेकऱ्याचा पत्ता नाही. क्विलबाईला जाब विचारला, तर म्हणते, आधी सांगितलं असतं तर राहिली असतीस का? नसते राहिले. पण आता जाणार कुठं, गावी कोण बसलंय माझं? कोपऱ्यावर हवालदार क्रंप भेटतो. काठी बघून म्हणाला, भाला घेऊन कुठल्या लढाईवर निघालीस, बये. बरं वाटलं. माझी टकटक म्हणजे तीन ठोके, एकदम ठणठणीत.

८ ऑक्टोबर

मासळीवाला जेसप आज अंगावरच आला. एकदा उठवलंस ना, मग पुन्हा कशाला जीव खातेस म्हणे. मी तर एकदाच गेले होते. पहिली टकटक कशी होती विचारलं. दोन हलके ठोके, मग काचेवर खरवडल्यासारखं, ॲनिस करायची तसं, असं म्हणाला. मी म्हटलं, काल जरा जास्त झालेली दिसतेय तुला. पण पुढच्या गल्लीतही तेच ऐकलं. भीती वाटतेय मला, खोटं कशाला लिहू.

११ ऑक्टोबर

लेटी फुलवाली गेली. काल तिच्या भिंतीवर चार लिहिलेलं. नवल वाटलं, ही तर उन्हं डोक्यावर आल्याशिवाय उठत नाही. पण लिहिलंय तर वाजवायचं. काठी उचलली तशी जड झाली, कुणी मागून धरून ठेवल्यासारखी. मी हिसडा मारून वाजवलंच. लेटीनं काचेतून शिवी हासडली आणि मेणबत्ती घेऊन खाली निघाली. माझ्याशी भांडायला येतेय वाटलं. मी हसत पुढं गेले.

दारातच सापडली. लेटीला लिहिता येत नव्हतं. आकडासुद्धा नाही.

१२ ऑक्टोबर

खडूनं तो मारेकरी लिहितो. उठवते मी, दार त्या उघडतात. ॲनिसनंही अशाच दोघींना उठवलं असणार, मग तिला कळलं असणार —

क्रंपला सांगितलं. म्हणाला, खडूला बेड्या घालू का?

संध्याकाळी शिंपीण टॅम्झिनच्या भिंतीवर चार. तिनं लिहिलेलं नव्हतं. मी ॲप्रननं पुसून टाकलं. वळले तर गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी उभं होतं, हातावरची खडूची भुकटी झटकत.

१३ ऑक्टोबर

आमच्या भिंतीवर चार. पुसलं. परत चार. उजाडलं की निघायचं, कुठंही —

खोलीच्या दाराला आतून पेटी सरकवून लावलीय. काठी खाली दाराबाहेर टेकवून ठेवली होती. मघाशी खिडकीतून बघितलं, नाही तिथं.

काचेवर खरवडतंय. हलकं, परत परत. ॲनिस, जागी आहे गं मी —

खालच्या दारावर ठोके. तीन. ठणठणीत. माझेच —

क्विलबाई उठली. उघडू नकोस म्हणून ओरडायचंय, पण ओरडले तर मी कुठं आहे ते त्याला कळेल —

कडी काढली तिनं. कोण हवंय विचारतेय. सांगू नकोस बाई, नको — सांगतेय, माडीवर, डाव्या हाताची —