जातो नाही, येतो

फुलसावंगी

सलोनी बाई,

हे पत्र मी टाकणार नाही. बोलावलं म्हणून तू आली, असं मले नाही पाहिजे.

तू पुण्यात बनवलेला गेम काल ममता काकूनं मोबाइलवर दाखवला. शिंगं असलेले तुहे डोंगरातले लोक मले लई आवडले. लेकरू पहिल्यांदा ज्या पाखराले पाहून हासते, त्याचंच नाव त्याले ठेवतात म्हणे! त्यायच्यात राजा नाही, पण चुलीवरून भांडणं आहेत. हे मात्र तू आपल्याच घरून नेलं.

त्या दिवशी तुहे बाबा म्हणाले, "खेळ बनवून पोट भरते काय?" तवा तू बॅग उचलली अन् "जातो" म्हणून निघाली. मी दारातून ओरडली, "जातो नाही वं, येतो म्हण!" तू मागं पाह्यलं नाही. तो शब्द मह्या कानात तसाच बसून होता.

तुह्या गेममधल्या मुलखात तर कोणीच "जातो" म्हणत नाही. लढाईले निघालेला राक्षसही मायले "येतो" म्हणते.

काकूनं बोट फिरवून गेममधली एक शिंगवाली पोरगी घराबाहेर काढली. उंबऱ्यावर थांबून ती म्हणाली, "येतो वं माय."

मी मोबाइललेच म्हटलं, "ये बाई, लवकर ये." काकू हासली. तिले वाटलं, मी त्या पोरीलेच बोलून राह्यली.

अजून दारातच उभी,
तुही माय